सहाशे पंधरा फेऱ्या

हार्ड डिस्कचं पार्सल भाईंनी सोळा दिवस आपल्या घरात दडवून ठेवलं. 'दडवून' हा माझा शब्द. त्यांचा शब्द 'राहून गेलं' असा होता. राहून गेलेली वस्तू पलंगाखाली, गोणपाटात गुंडाळून, वर दोन सुपं पालथी घालून राहत नाही, एवढंच मला म्हणायचं आहे. आमच्या शाळेची शिपाईण शेवंतीकाकी त्यांच्याकडे सूप मागायला गेली नसती तर ते पार्सल तिथेच राहिलं असतं. तिने पाहिलं, येऊन मला सांगितलं, मी भाईंच्या दारात जाऊन उभी राहिले, तेव्हा कुठे ते निघालं. तेही सोमवारी संध्याकाळी, आणि मंगळवारी गावपळण.

आचऱ्यासारखी आमच्या गावातही गावपळण असते. तीन-चार वर्षांनी देवाचा कौल होतो आणि तीन दिवस तीन रात्री सगळा गाव शिवेबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, पाळण्यातली पोरं, खाटेवरचे म्हातारे, सगळे. मागे चूल पेटत नाही की दिवा लागत नाही. नगारा झाला की निघायचं, आणि एकदा निघालं की मागे फिरायचं नाही. सन अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात ती आली.

भाई आमच्या हायस्कुलाचे चेअरमन. शाळेला नाव त्यांच्या वडलांचं. मी तिथे गणित शिकवते. कोल्हापूरला मामीकडे राहून सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला तेव्हा गावात कोणाला तो शब्दही नीट येत नव्हता. आमच्याच गावचा गुरुदास मुंबईत एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याच्या ऑफिसने नवी यंत्रं घेतली आणि जुन्यातलं एक दिवाळीत आमच्या शाळेला आलं. त्याची हार्ड डिस्क वेगळी, बाहेरून जोडायची, बुटांच्या खोक्याएवढी. ती मागाहून पार्सलने आली आणि भाईंच्या पलंगाखाली गेली.

गुरुदासने पत्रात सरळ लिहिलं होतं. गावपळणीला येतो आहे, बुधवारी दुपारी पोचेन, संध्याकाळच्या गाडीने परत. यंत्र डिस्कसकट चालू बघायचं आहे. तुमच्याकडे चालणार नसेल तर जिथे चालेल तिथे देऊ. आता 'जिथे चालेल तिथे' म्हणजे कुठे, ते भाईंना पत्र वाचायच्या आधीपासून ठाऊक होतं. त्यांच्या जावयाचा कणकवलीला टायपिंगचा क्लास आहे. यंत्र तिकडे गेलं असतं तर आमच्या पोरांनी ते पुन्हा पाहिलं असतं ते क्लासच्या खिडकीतून, फी भरणाऱ्यांच्या पाठी. माझा जीव जळत होता तो यासाठी. माझ्या कोर्सचं काय, ते मी कसंही विसरले असते.

"बघा बाई," पार्सल हातात देताना भाई म्हणाले. शाळेच्या कामात ते पुस्तकी मराठी बोलतात. "उद्या चारला नगारा. तोपर्यंत झालं तर झालं. नाहीतर परवासाठी टेम्पो सांगून ठेवला आहे. किती वेळ लागतो या कामाला?"

"साडेतीन तास."

"एक डबी पुसायला साडेतीन तास? आमची सून अख्खं घर तासाभरात सारवते."

मला राग आला की माझा आवाज खाली जातो. मी म्हटलं, "तिला सोळा दिवस थांबवलंत तर तिलाही वेळ लागेल, भाई."

सारवण्याचा आणि याचा संबंध नाही. डिस्क नव्या जागी आली की आधी फॉरमॅट करावी लागते. जुनं होतं नव्हतं ते सगळं जातं आणि आतल्या तबकड्यांवर नव्याने रेषा आखल्या जातात, पाटीवर आखतात तशा, फक्त गोल. आमच्या डिस्कवर अशा सहाशे पंधरा फेऱ्या होत्या. प्रत्येक फेरी आखायची, तपासायची, मग पुढची. एकीला वीस सेकंद. गुणाकार कोणीही करून बघावा. आणि मध्ये वीज गेली तर झालेलं सगळं बाद, पुन्हा शून्यापासून.

मंगळवारी सकाळी सव्वादहाला मी सुरुवात केली. पडद्यावर फेऱ्यांचा आकडा सरकत होता. एकशे बेचाळीस झाल्या आणि दिवा पिवळा पडून विझला, लगेच आलाही. दोन सेकंदांचा खेळ, पण आकडा शून्य. मी कपाळाला हात लावला नाही. अकरा वीसला पुन्हा चालू केलं आणि स्टुलावर बसून राहिले. शेवंतीकाकी मधूनमधून डोकावत होती. तिचं सामान बांधून झालं होतं. "किती झाला गो बाय?" "चारशे." "मगे होतला." तिच्या तोंडून ऐकलं की मलाही खरं वाटायचं.

अडीच वाजता आकडा पाचशे एकाहत्तरवर होता. आणखी पंधरा मिनिटं. तेवढ्यात पंखा थांबला, पडदा काळा झाला, आणि या वेळी वीज परत आली नाही.

मी पायात चप्पल न घालता धावले. ट्रान्सफॉर्मरच्या खांबाशी दत्ताराम वायरमन पेटीला कुलूप लावत होता, अगदी निवांत, देवाचं काम केल्यासारखा.

"दत्ताराम! काय केलंस ह्या?"

"लाईट बंद केलंय, बाई. गावपळण ना."

"नगारो चार वाजता आसा!"

"तो माणसांचो. गावात दिवो ऱ्हवता नये, म्हणान मी लायटीक आदी भायर काढतंय. दर खेपेक असाच करतंय." माझं तोंड बघून तो जरा घाबरला. "ती पण गावातलीच ना, बाई? तिका मागे कशी ठेवची?"

तो थट्टा करत नव्हता. गुरं सोडतात, कोंबड्या टोपलीत घालतात, तशी त्याने वीज गावाबाहेर काढली होती. तळपायाची आग मस्तकात गेली असताना त्या माणसावर ओरडताही येईना. त्याने काय पुसलं ते मी त्याला सांगितलं. पाचशे एकाहत्तर फेऱ्या. तो तिथेच खांबाच्या चौथऱ्यावर बसला.

"परत चालू करतंय," तो म्हणाला.

"आता तीन वाजूक इले. साडेतीन तास लागतत. नगारो चारला."

भाई तेवढ्यात आलेच. अशा वेळी ते नेमके येतात. सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि तोंडावर दुःख आणायचा प्रयत्न केला. "देवाचीच इच्छा, बाई. आपण माणसांनी काय करायचं?"

"देवान गावाक भायर जाऊक सांगल्यान, भाई," मी म्हटलं. "काम थांबवूक नाय सांगूक."

ते निघून गेल्यावर दत्ताराम उठला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण डोकं चालू झालं होतं. "बाई, लाईट भायर काढलंय ना मी? मगे यंत्र पण भायर काढूया. व्हाळापलीकडे मधूची गिरण आसा. ती शेजारच्या गावची लाइन, वायली. थय लाईट चालू आसा."

व्हाळ म्हणजे गावचा ओढा, तीच आमची शीव. आमचा गाव राहुट्या ठोकतो तोही त्याच गिरणीच्या मागच्या मळ्यात.

पडदा आणि मोठं खोकं दत्तारामच्या भावाच्या बैलगाडीत पेंढ्यावर ठेवलं. डिस्कचा प्रश्न होता. तिच्या आत तबकडीवर केसाएवढं अंतर ठेवून सुई फिरते. वीज अशी अचानक गेली तर सुई बाजूला घ्यायची राहते. मग एक दणका बसला की ओरखडा, आणि ओरखडा बसला की फॉरमॅट करायला काही उरतच नाही. गाडीची वाट म्हणजे दगड आणि खड्डे. मी हे शेवंतीकाकीला सांगितलं. तिने विचारलं, "म्हणजे हिंदकाळता नये, इतक्याच ना?"

तिने पदर खोचला, चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "दी हय."

तीस वर्षं ही बाई भरलेली घागर डोक्यावर घेऊन व्हाळ ओलांडते आहे. मी तिचा खांदा कधी ओला बघितलेला नाही. ती डिस्क डोक्यावर घेऊन निघाली, हात न लावता, एका हातात कोंबड्यांची टोपली.

नगारा झाला. सगळा गाव वाटेला लागला आणि आम्ही त्यात. व्हाळाच्या उतारावर भाई आडवे आले.

"थांबा. ही संस्थेची मालमत्ता आहे. ठरावाशिवाय आवाराबाहेर नेता येणार नाही. परत नेऊन ठेवा."

वाट तुंबली. गुरं, गाड्या, खांद्यावर पोरं घेतलेली माणसं, सगळे थांबून बघायला लागले. माझा आवाज खाली गेला, म्हणजे मी ठीक होते.

"नगारो झालो, भाई. आता मागे कोण जातलो? तुमी नेतास?"

भाई एक पाऊल बाजूला झाले. नगाऱ्यानंतर मागे वळायचं नाही, हे देवळाच्या पायरीवर उभं राहून दर गावपळणीला सांगणारे तेच. मागून कोणीतरी खोकलं. कोणीतरी हसलं. शेवंतीकाकी तर थांबलीच नव्हती. ती पाण्यात उतरून पलीकडे निम्मी पोचलीसुद्धा, आणि तिच्या डोक्यावरचं खोकं जागचं हललं नव्हतं.

संध्याकाळी दिवे लागले की तिथे वीज अपुरी पडते, म्हणून रात्रभर थांबून बुधवारी सकाळी आठला गिरणीच्या पडवीत, तांदळाच्या पोत्यांवर फळी टाकून, मी तिसऱ्यांदा शून्यापासून सुरुवात केली. दत्तारामने मीटरपासून खास तार ओढून दिली आणि स्वतः तारेशेजारी बसला, कोणाचा पाय पडू नये म्हणून. एकच अडचण होती. गिरणीची मोटर चालू झाली की दोन सेकंद सगळी वीज ती ओढून घेते. म्हणजे साडेअकरापर्यंत दळण बंद.

मधू गिरणवाला तयार झाला, पण बायका तयार नव्हत्या. राहुट्यांत दोन-अडीचशे घरांच्या चुली, कोंबड्या सोललेल्या, आणि घावनाला पीठ नाही.

"माझ्या पोरांनी काय ह्या यंत्र खावचा?" जानकीने कमरेवर हात ठेवून विचारलं.

"पेज खावंदेत एक दिस," शेवंतीकाकी म्हणाली. "माझो नातू आठवीत आसा. तुझी नात सातवीत. उद्या ह्या शिकूक तिका कणकवलेक पाठवतलंस तू? यष्टीन? रोज?"

जानकी डबा घेऊन परतली नाही. तिथेच जमिनीवर बसली आणि पडद्याकडे बघायला लागली. तिच्यामागून बाकीच्या. मग त्यांची माणसं, मग म्हातारे. दहा वाजेपर्यंत पडवी भरली. आमच्या गावात नाटकालाही एवढी शांतता नसते. एकजण दारात उभा राहून मळ्याकडे आकडा ओरडून सांगत होता. "तीनशे साठ!" मळ्यातून कोणीतरी विचारायचं, "अजून किती ऱ्हवले?" मला त्या माणसांविषयी इतकं प्रेम दाटून आलं की आकडे धूसर दिसायला लागले. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांना फक्त एवढं कळत होतं की हे मोडता कामा नये.

पावणेअकराला भाई आले. मागे त्यांच्या गड्याच्या खांद्यावर तांदळाची गोण. आकडा चारशे पंचाण्णव.

"मधू, मोटर चालू कर," भाई म्हणाले. पुस्तकी मराठी संपली होती. "मुंबयचो पाव्हणो येता दुपारी. घावन व्हयेत."

मधूची गिरण भाईंच्या जागेत आहे. तो उठला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. तो स्टार्टरकडे निघाला. मी त्याच्या आधी पोचले आणि स्टार्टरला पाठ लावून उभी राहिले.

"बाजूक व्हा, बाई," भाई म्हणाले.

"नाय."

"ही शाळा नाय तुमची."

"मगे तुमी पण हय चेअरमन नाय."

माझ्या तोंडून ते कसं निघालं मला माहीत नाही. निघालं ते बरं झालं. भाईंचं तोंड लाल झालं. त्यांनी गड्याला खूण केली, गोण ठेव आणि बाईंना बाजूला घे. गडी घुटमळत उभा राहिला. आणि तेवढ्यात पत्र्याचा खण्ण आवाज झाला.

शेवंतीकाकीने आपला डबा मोटरीसमोरच्या जागेवर ठेवला होता. दळणाच्या नंबराची जागा ती. तिच्यामागे जानकीने ठेवला. मग मथुरेने, मग विमलाने, मग एकामागून एक, पडवीच्या दारापर्यंत, दाराबाहेर, पायऱ्यांवरून खाली. गिरणीत डब्याचा नंबर म्हणजे नंबर. डब्याची मालकीण घरी जेवत असली तरी तिच्या डब्यापुढे कोणी सरकत नाही. खोताच्या घरचा डबासुद्धा नंबरातच उभा राहतो, आणि हे आमच्याकडे कोणी कोणाला शिकवावं लागत नाही.

"नंबर लागलेलो आसा, भाई," शेवंतीकाकी म्हणाली.

"मगे दळ तुझा! कोण अडवता?"

"माका घाई नाय."

भाई जानकीकडे वळले. "तू दळ."

"मी कशी दळू? तिचो नंबर पयलो."

भाई त्या रांगेवरून नजर फिरवत गेले. चाळीसेक डबे असतील. प्रत्येकाशेजारी एक बाई, कोणी पान लावतेय, कोणी पोराचं नाक पुसतेय, घाई एकीलाही नाही. भाईंनी आपल्या गोणीकडे बघितलं. ती उचलून रांगेच्या शेवटी ठेवायची, म्हणजे पायऱ्यांखाली, चिखलाशी. गड्याने त्यांच्याकडे बघितलं आणि हळूच तिकडे नेऊन ठेवली. नंतर मला कळलं की शेवंतीकाकीच्या डब्यात तांदूळ नव्हतेच. तिने कोंबड्यांचं पाणी ओतून तोच रिकामा डबा पुढे केला होता.

"पाचशे वीस!" दारातला ओरडला.

शेवटच्या शंभर फेऱ्या मी स्टार्टरला टेकूनच काढल्या. पाठ दुखत होती, पण जागा सोडायचं मनातही आलं नाही. साडेअकराला पाच मिनिटं कमी असताना आकडा सहाशे चौदावर आला आणि थांबला. दत्ताराम उभा राहिला.

"पंधरा होते ना? एक खंय गेलो?"

"शून्यापासून मोजता ता," मी म्हटलं. "झाला, दत्ताराम. पुरे झाले."

तो खाली बसला आणि त्याने तोंड पंचात लपवलं. बाहेर मळ्यात आरडाओरडा झाला, ढोल वाजायला लागला, आणि मधूने माझी परवानगी विचारून मग मोटरला हात लावला. त्याआधी मला एक काम होतं. फॉरमॅट संपलं की यंत्र विचारतं, या डिस्कचं नाव काय ठेवायचं? अकरा इंग्रजी अक्षरांच्या आत. भाईंनी मला दिवाळीतच बजावलं होतं की यंत्रावर त्यांच्या वडलांचं नाव यायला हवं. मी आठ अक्षरं दाबली आणि यंत्र बंद केलं.

गुरुदास बाराला आला. त्याला यंत्र शाळेत असेल असं वाटलं होतं. ते गिरणीत, पोत्यांवर, पिठाच्या धुरळ्यापासून वाचवायला लुगडं पांघरून बसलेलं बघून त्याने आधी भाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी लुगडं काढलं आणि यंत्र चालू केलं. त्याने स्वतः चार आज्ञा दिल्या, डिस्कवर काहीतरी लिहिलं, परत वाचलं. मग खिशातलं पेन काढून एका कागदावर लिहून भाईंच्या हातात दिलं: यंत्र चालू आहे, शाळेतच राहील. टेम्पो रिकामा गेला. भाईंच्या गोणीचा नंबर तीनला आला, तोपर्यंत गुरुदास जानकीकडची पेज पिऊन गाडीला निघाला होता.

शुक्रवारी कौल झाला आणि गाव परतला. दत्तारामने सगळ्यांच्या आधी जाऊन वीज आत घेतली. डिस्क शेवंतीकाकीच्या डोक्यावरून आली तशी गेली, या वेळी सुई बाजूला घेऊन, पण ती तशीच चालली, हात न लावता.

शनिवारी भाई शाळेत आले. मी आठवीला पहिला धडा देत होते. यंत्रावर काय आहे ते बघायची आज्ञा दिली की सगळ्यांत वरच्या ओळीत डिस्कचं नाव येतं. भाईंनी चष्मा लावला, वाकले, आणि ती आठ अक्षरं एकेक करून वाचली. दारात शेवंतीकाकी घंटेची काठी घेऊन उभी होती. तिला इंग्रजी येत नाही. पण पोरांनी तिला सकाळीच सांगितलं होतं, कारण त्या दिवशी तिने नवं लुगडं नेसलं होतं.

"शेवंती?" भाई म्हणाले. "आणि माझ्या बापाशीचा नाव?"

"अकरा अक्षरांत बसत नव्हतं."

"ते बदला."

मी घड्याळाकडे बघितलं. आवाज आपोआप खाली गेला. "बदलूचा म्हणजे परत साडेतीन तास, भाई. सहाशे पंधरा फेऱ्या. करूया?"

भाई पडद्याकडे बघत राहिले, मग दारातल्या शेवंतीकाकीकडे, मग पोरांकडे. चष्मा काढून खिशात ठेवला आणि निघून गेले.

नुसतं नाव बदलायची एक वेगळी छोटी आज्ञा असते. काही पुसावं लागत नाही, एका सेकंदात काम होतं. ते मी भाईंना त्या दिवशी सांगितलं नाही, आणि अजूनही सांगितलेलं नाही.